लिटरमागे नफा

बी.कॉम. झालेल्या माणसाने गाडी घेऊ नये. 2012 साली पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत लिटरमागे वीस रुपयांहून अधिक अंतर होते. मी खतावणी मांडली आणि एक जुनी, ऐसपैस डिझेल गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "लिटरला चौदा देते, साहेब!" टाकी काठोकाठ भरून मी मोजले. साडेनऊ! उरलेले साडेचार त्याच्या जिभेचे.

पुढे फिल्टरात पाणी, पाइपात हवा, मग क्लचप्लेट. माझ्या पगाराची तारीख मेकॅनिकला माझ्याआधी आठवू लागली. त्यात ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचे दर खुले केले आणि ते अंतरही आटत गेले. "जुळला का हो हिशोब?" आमची ही रोज विचारी.

एका जानेवारीत पहाटे तीनला आईला धाप लागली. डिझेल ठिणगीने नाही, दाबाने तापलेल्या हवेने पेटते. थंडीत आधी ऊब द्यावी लागते. किल्ली अर्धी फिरवून मी हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट पाहत बसलो. तेवढ्यात गाडीला दिलेल्या सगळ्या शिव्या मागे घेतल्या. पहिल्या झटक्याला सुरू झाली! मागच्या सीटवर आई आडवी होऊन गेली आणि आठ दिवसांनी त्याच सीटवर बसून, माझ्या ड्रायव्हिंगला नावे ठेवत परत आली.

बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्याला टाकतात. ती फेरी मी तिथेच टाकली आहे. आमची ही हल्ली हिशोब विचारत नाही.