भिंगारचा अष्टकोन

सुटीत प्रवासाला निघणाऱ्या मंडळींचे मला दोन वर्ग दिसतात. काहींची पाहावयाच्या स्थळांची यादी घरीच तयार असते आणि ती पुरी करून परत येण्यातच त्यांचे समाधान असते. काहींना मात्र एखाद्या स्नेह्याची ओसरी एवढेच स्थळ पुरे होते. तिच्या आसपास जे दिसेल ते प्रसादासारखे ओंजळीत घ्यावे, इतकीच त्यांची अपेक्षा. एक वकील, एक इंजिनियर, एक वैद्य आणि प्रस्तुत लेखक, जो निवृत्त शाळामास्तर, असे आम्ही चौघे या दुसऱ्या वर्गात मोडतो. एकाच बाकावरून उठून चार दिशांना गेलेली ही माणसे उतारवयात पुन्हा एकत्र आली आहेत, आणि वर्षातून एकदा तरी मिळून कोठे जावे असा नेम काही वर्षे अखंड चालला आहे.

यंदा, २०२६ साली, प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. मला आणि इंजिनियरांना रोजचीच सुटी. परंतु वकिलांचे कोर्ट आणि वैद्यांचा दवाखाना अद्याप सुटलेला नाही, म्हणून शनिवार धरून तीन दिवसांचा योग साधावा लागला. ठिकाणाचा प्रश्न नव्हताच. त्याच बाकावरचा आमचा पाचवा मित्र भिंगारला वडिलोपार्जित वाड्यात राहतो. त्याने निरोप धाडला होता, "वाड्याचे काय करायचे ते फाल्गुनाच्या आत ठरवायचे आहे. एकदा येऊन बघून जा. हुरडाही आला आहे." या तीन वाक्यांतले शेवटचे वैद्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटले.

पुण्याहून शिरूर, सुपे या वाटेने नगर सुमारे १२० किलोमीटर. सरकारी कागदांत या शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे; तथापि भाजीबाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी अजून नुसते 'नगर' आहे, म्हणून मीही येथे तेच लिहितो. भिंगार हे नगरच्या पूर्वेला, किल्ला आणि लष्करी छावणी यांना लागून. अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास येथे राजधानी वसविली त्यापूर्वीपासून भिंगार नांदते गाव होते. १७०७ साली औरंगजेब बादशहा मरण पावला तोही येथेच. दफन मात्र खुलताबादेस झाले. संस्कृतात 'भृंगार' म्हणजे अभिषेकाला घ्यावयाची तोटीची झारी. मोटारीत हे शब्दसाम्य मी बोलून दाखविले, तेव्हा वकिलांनी तत्काळ "पुरावा?" म्हणून हटकले. पुरावा नाही, परंतु शब्द जुळल्याचा आनंद काही कोर्टात शाबीत करावा लागत नाही.

वाडा फार मोठा नाही. दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना ओसरी आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. आमच्या कोकणस्थ डोळ्यांना उतरत्या कौलांची सवय. पण या बाजूला पाऊस थोडा आणि ऊन फार, म्हणून हे सपाट, जाड, मातीचे छप्पर. उन्हाळ्यात खाली गारवा राहतो आणि रात्री वर अंथरुणे पडतात. दरवर्षी पावसापूर्वी त्यावर नवी पांढरी पसरून दाबून घ्यावी लागते. ती एक वर्ष चुकली की तुळयांना ओल लागलीच.

चौकाभोवती सागाचे आठ खांब आहेत. त्यांच्यापाशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. अखेर वहिनींनी चहा तेथेच आणून दिला. तळाशी काळ्या दगडाचा तळखडा. त्यावर खांब हातभर उंचीपर्यंत चौरस. मग चारही कडा उतरवून त्याला आठ पैलू केलेले. आणि अगदी वर, तुळईच्या हस्ताखाली, एक गोल कंकण. हस्तांना केळफुले लोंबलेली. आपल्या शिल्पशास्त्रात चौरस खांबाला ब्रह्मकान्त आणि अष्टकोनी खांबाला विष्णुकान्त म्हटले आहे, आणि शिवलिंगाची रचनाही याच क्रमाची: तळाशी चौरस ब्रह्मभाग, मध्ये अष्टकोनी विष्णुभाग, वर वर्तुळाकार रुद्रभाग. ज्या सुताराने हे खांब घडविले त्याने 'मानसार' वाचला असेल असे मी म्हणत नाही. त्याच्या गुरूने त्याला कडा उतरवावयास शिकविले, एवढेच. परंतु शास्त्र अशाच वाटेने खाली उतरते, आणि पुष्कळदा अशाच वाटेने वरही चढलेले असते.

आता प्रश्न असा होता. जुन्या लाकूडकामाच्या एका व्यापाऱ्याने हे आठ खांब, केळफुले आणि दिंडी दरवाजा यांना मोठी किंमत बोलली होती. शहरातल्या एका हॉटेलात ते मांडावयाचे होते, जेवणाऱ्यांना वाड्यात बसल्यासारखे वाटावे म्हणून. आमच्या मित्राच्या धाकट्या भावाला आपला वाटा रोख हवा होता. तो मागण्यात त्यांची काही चूक नव्हती, कारण त्यांच्याही घरी मुलीच्या शिक्षणाचा खर्च उभा होता. खांब विकले तर वाटा फिटत होता आणि घर राहत होते. न विकले तर सगळा वाडाच विकण्याची पाळी येणार होती. इंजिनियरांनी टेप काढून अंतरे मोजली, बोटांच्या पेरांनी प्रत्येक खांब ठोकून पाहिला आणि सांगितले, "लोखंडी गर्डर टाकले तर माळवदाला काही होणार नाही. एका आठवड्याचे काम." मित्र काहीच बोलला नाही.

रात्री जेवावयास शेंगोळी होती. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, मिरची, लसूण घालून घट्ट मळावयाचे, आणि त्याच्या बोटभर वळ्या करून, टोके जुळवून, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडावयाच्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पाहत होतो. वहिनींचा तळहात पाटावर एकदा पुढे, एकदा मागे जाई, आणि वळी तयार होई. एकीची जाडी दुसरीहून जव-भरही वेगळी नाही. शिजताना पिठातलाच अंश सुटून रस्सा दाट होतो, त्याला वेगळे काही लावावे लागत नाही. हुलगा म्हणजे संस्कृत कुलत्थ. तो उष्ण आणि मुतखड्यावर गुणकारी, असे आयुर्वेदात सांगितले आहे, हे वैद्यांनी तिसऱ्या वाढणीच्या वेळी निदर्शनास आणले. आमच्या घरी एके काळी लसणाला मज्जाव असे. तो नियम पाळणाऱ्या माझ्या आईला शेंगोळी कधी खाता आली नाही, याचे त्या रात्री मला खरोखर वाईट वाटले. तूप मागावयाची सोय नव्हती. भाकरीवर घरचे लोणी येत होते. पाणी भरलेले तांब्याचे घंगाळ कोपऱ्यात होते, त्यावर मठारकामाचे ठोके दिव्याच्या उजेडात माशाच्या खवल्यांसारखे दिसत. नगरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा पूर्वी मोठा लौकिक होता, आणि भिंगारला मागांवर लुगडी विणली जात. १८८४ च्या जुन्या गॅझेटियरात या जिल्ह्याच्या विणकामाची हकीकत विस्ताराने आली आहे. आता ते माग फारसे ऐकू येत नाहीत.

रविवारी सकाळी दमडी मशीद पाहिली. १५६७ सालचे हे बांधकाम. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी मजुरीतून दमडी दमडी वेगळी काढून ते उभारले अशी आख्यायिका आहे. आकाराने लहान, पण दगडावरचे कोरीव काम असे की पाहणारा आवाज खाली आणून बोलू लागतो. दमडी हे त्या काळचे अगदी हलके नाणे. असल्या नाण्यांतून इतके नाजूक काम निघाले, यावर आख्यायिका म्हणूनही विश्वास ठेवावासा वाटतो. कारण कोरणारा हात आणि देणारा हात येथे एकच होता.

तेथून फराहबाग. १५८३ साली पुरा झालेला हा निजामशाही महाल पूर्वी तळ्याच्या मध्यावर होता. आज तळे कोरडे आहे, गिलावा जागोजाग पडला आहे, तरी आत शिरताच उन्हाचा जो ताप सुटतो त्यावरून बांधणाऱ्यांची बुद्धी कळते. उंच घुमट, भोवती कमानी, वाऱ्याला सर्व बाजूंनी वाट. महालाचा आकार अष्टकोनी! मी आनंदाने इंजिनियरांकडे पाहिले. ते म्हणाले, "त्यात नवल नाही. खालची खोली चौरस, वरचा घुमट गोल. चौरसावर गोल बसवायचा तर मध्ये कोपरे कापून अष्टकोन करावा लागतो. नाहीतर घुमटाचा भार कोपऱ्यांवर नीट उतरत नाही." ताजमहालाची कल्पना येथूनच उचलली, असे एक गृहस्थ तेथे कोणाला तरी सांगत होते. ताजमहालाची कल्पना जेथून उचलली अशी स्थळे हिंदुस्थानात इतकी झाली आहेत की त्यांचाच एक प्रवास काढता येईल.

दुपारी पाथर्डीच्या रस्त्याने डोंगरावर गेलो. लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती वास्तविक मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढविला, तो पराक्रम लोकांना इतका भावला की दुसऱ्याचे थडगेही त्यांनी तिच्या नावे करून टाकले. ही इमारतही अष्टकोनी, तीन मजली, आणि अगदी साधी. कोरीव काम जवळजवळ नाही. आठ बाजूंना कमानी आणि त्यांतून आत येणारा वारा. वर उभे राहिले की सबंध माळ, नगर, किल्ला, भिंगारची घरे पायांखाली पसरलेली दिसतात. मित्राने तेथे आपल्या भ्रमणध्वनीवर एक चित्र दाखविले. त्याचा मुलगा जर्मनीत असतो. आखेन या गावी शार्लमेन बादशहाचे बाराशे वर्षांपूर्वीचे प्रार्थनामंदिर आहे, त्याच्या मधल्या अष्टकोनाचे ते छायाचित्र. खाली मुलाने लिहिले होते, "बाबा, आपले खांब." वकील एरवी अशा प्रसंगी काहीतरी खोचक बोलतात. ते गप्प राहिले.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या शेतात हुरडा. आगटीत गोवऱ्यांची धग, तीत कणसे खुपसलेली. भाजली की तळहातांवर चोळावयाची, फुंकर घालून तूस उडवावयाचे आणि हिरवे, गोड, ऊन दाणे समोरच्या ताटात टाकावयाचे. बरोबर लसणाची चटणी, दही, गूळ आणि तिळाच्या रेवड्या. कणसे खास हुरड्याच्या गुळभेंडी ज्वारीची होती. ज्वारीला संस्कृतात यावनाल म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे मूळ आफ्रिकेत सांगतात. चटणीतली मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली. आणि महालाचा अष्टकोन इराणच्या वाटेने आलेला. मी हे बोललो तेव्हा वैद्य हुरडा चघळीत म्हणाले, "मग इथले असे राहिले काय?" आगटीशी बसलेले शेतकरी बाबा हसले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. भाजलेले एक कणीस उचलून चोळले आणि दाणे वैद्यांच्या हातावर ठेवले. इतक्या तापलेल्या कणसाला हात लावण्याची आमच्यापैकी एकाचीही प्राज्ञा नव्हती.

रात्री ओसरीवर चर्चा बसली. वकिलांनी कागद पाहून सांगितले की भावाशी नोंदणीकृत करार करून वाट्याची रक्कम चार वर्षांत हप्त्यांनी देता येईल, दोन मागच्या खोल्या भाड्याने दिल्या तर हप्ता निघेल. मात्र भावाने मान्य केले पाहिजे. मित्र म्हणाला, "तो मान्य करीलही. पण मी अडुसष्ट वर्षांचा. चार वर्षे हप्ते, दरसाल माळवद, कोणासाठी? मुलगा चित्रे पाठवतो, येत नाही. खांब हॉटेलात गेले तर निदान लोक बघतील तरी." या बोलण्यात खोटे काही नव्हते, म्हणून ते खोडून काढणेही जड होते. माझे मत मी सांगितले: हॉटेलात त्या खांबांवर भार राहणार नाही, ते नुसते उभे राहतील. मित्राने मान हलविली; पण ती पटल्याची होती की मास्तर बोलले म्हणून, ते मला कळले नाही.

वहिनी आतून निरंजन घेऊन आल्या. मित्राला त्या म्हणाल्या, "बघणाऱ्यांचे जाऊ द्या. त्या पलीकडच्या खांबाला धरून मी पहिल्यांदा या घरात उभी राहिले. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्याच खांबाला टेकून बसले होते. गर्डरला टेकता येते का हो भावजी?" हा शेवटचा प्रश्न इंजिनियरांना होता. ते म्हणाले, "टेकता येते वहिनी. उन्हाळ्यात तापतो, थंडीत गार पडतो." यावर वहिनीच हसल्या, आणि चर्चा तेवढ्यावर थांबली.

सोमवारी गावातल्या शाळेत झेंडावंदन झाले. पोरांनी कवायत सुरेख केली. नगरचा किल्ला बाहेरून पाहिला; १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, मौलाना आझाद प्रभृती नेते येथे बंदीत होते, आणि १९४४ मध्ये नेहरूंनी आपला भारतशोधाचा ग्रंथ येथेच लिहिला. निघताना वहिनींनी प्रत्येकाच्या हाती हुलग्याच्या पिठाची एकेक पिशवी दिली, आणि वळ्या किती जाड करावयाच्या ते माझ्या पत्नीसाठी मला बोटाने दाखवून ठेवले.

परवा मित्राचा फोन आला. भाऊ येऊन गेला. तीन वर्षांवर तो राजी आहे, चारांवर नाही. व्यापाऱ्याला अद्याप नकार कळविलेला नाही. परंतु माळवदासाठी दोन ट्रॉली पांढरी सांगून ठेवली आहे, आणि ती टाकावयाच्या आधी पलीकडच्या खांबाच्या तळाशी वाळवी आहे का, ते पाहावयास इंजिनियरांनी चैत्रात यावे, असा वहिनींचा निरोप आहे.