पाण्याची पाळी

बंड्या गेला त्या दिवशी परसात खड्डा बुजवताना मुलाने मला विचारलं, "बाबा, सँडीच्या वेळी आजोबा रात्री बंड्याशी काय बोलत होते? तू जागा होतास, मी पाहिलं होतं." मी म्हटलं, "काही नाही रे, गावाकडचं काहीतरी." ही गोष्ट २०१८ची. आता तो कॉलेजसाठी घर सोडून निघालाय आणि ते उत्तर माझ्याकडून त्याला देणं आहे. तोंडी मला जमणार नाही. मराठी तो सावकाश का होईना वाचतो, आजोबांनीच शिकवलंय. म्हणून लिहितो.

बंड्या हा शॅमेलिऑन, म्हणजे झाडावरचा सरडा. येमेन आणि सौदीच्या डोंगरउतारावरची त्याची जात, जन्म मात्र अमेरिकेतच, कुणाच्या तरी पिंजऱ्यात. २०१२च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत, आमच्या एडिसनच्या घरी आला तेव्हा पोरगेलाच होता. पुढे उंच वाढणारा डोक्यावरचा तुरा तेव्हा नुसता उंचवटा होता. त्याच सुमारास अण्णा, माझे वडील, बारामतीहून आले. मे महिन्यात आई गेली होती. अण्णांना एकटं ठेवायचं नाही असं मी ठरवलं आणि त्यांचं तिकीट काढलं. त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही.

पहिले काही आठवडे बंड्या आणि अण्णा, दोघंही नीट जेवत नव्हते.

बंड्याचं दिसत होतं. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसायचा. शॅमेलिऑनने दिवसा डोळे मिटले की समजायचं, दुखणं आहे. डोळ्यांच्या खोबणी आत गेल्या होत्या, अंग पोपटी असायचं ते काळपट पडलं होतं. आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हा प्राणी रंग पालटतो असं आपण शाळेपासून ऐकतो. खरं तर त्याचा रंग त्याची तब्येत सांगतो, त्याला वाजणारी थंडी, वाटणारी भीती सांगतो. आणि भीती आम्हीच पुरवत होतो. पिंजरा सोफ्याशेजारी बुटक्या टेबलावर, समोर टीव्ही, आणि मुलगा जाळीला नाक लावून: "खा ना, खा ना!" झाडावर राहणाऱ्या जिवाकडे वरून कुणी वाकून पाहिलं की त्याला तो शिकारी वाटतो. हे कळल्यावर पिंजरा आम्ही माणसाच्या डोक्याच्या वर ठेवला, आत मनीप्लँट दाट लावला, अतिनील दिवा बदलला. जुना दिवा लख्ख जळत होता, पण त्यातले अतिनील किरण सरले होते. त्या किरणांवाचून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात. वाढत्या पिल्लाचा त्यात लवकर घात होतो.

अण्णांच्या बाबतीत मी काय करत होतो? सकाळी विचारायचो, झोप लागली का. ऑफिसमधून फोन करून विचारायचो, जेवलात का. संध्याकाळी देवळात, शनिवारी मराठी मंडळात, रविवारी कुणाकडे तरी. "अण्णा, बोला की काहीतरी." ते म्हणायचे, "काय बोलू?"

ते पहिल्यांदा आपणहून बोलले ते बंड्याच्या पाण्याबद्दल. आम्ही वाटी भरून ठेवत होतो आणि तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. अण्णा म्हणाले, "अरे, साचलेलं पाणी त्याच्या ध्यानातच येत न्हाई. हलतं पाहिजे." अण्णांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला. नीरा डाव्या कालव्यावर ते कालवा निरीक्षक होते. पाण्याचं आवर्तन सुटलं की आठ-आठ दिवस घरी नसायचे. पाण्याची पाळी कुणाची, किती तास, रात्री कोण दार उचलतंय, यावरून कोयते निघालेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पेल्याला टाचणीने भोक पाडलं, पेला पिंजऱ्याच्या छतावर ठेवला आणि खालची पानं अशी वळवून बांधली, की एका पानावरून थेंब दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जावा. अर्धा दिवस हेच चाललं होतं. "वरच्याला पाणी सगळेच देतात," ते म्हणाले. "शेवटच्या, टेलच्या पानाला पोचलं तर खरं."

मग खुर्ची ओढून ते बसले. पिंजऱ्याकडे तोंड करून नव्हे, खिडकीकडे. बऱ्याच वेळाने बंड्याचा एक डोळा थेंबाकडे वळला, दुसरा अण्णांवर राहिला. आणि तो प्यायला लागला. मान वर करून, थांबून थांबून, मिनिटंच्या मिनिटं पीत राहिला. अण्णांनी मान वळवली नाही. मला हाताने खूण केली, जा.

तेव्हापासून पाण्याची पाळी अण्णांची झाली. सकाळी सूर्याला अर्घ्य दिलं की पेला भरायचा. बंड्या हे नावही त्यांचंच. ते सांगायचे, कालव्याकडेच्या बाभळींवर आपल्याकडचे असे सरडे असायचे, विषारी म्हणून पोरं धोंडे घालायची. "काय विष असतंय ह्याच्यात? अंगावर सावली पडली तरी घाबरतंय."

२९ ऑक्टोबरला सँडी हे वादळ किनाऱ्यावर आदळलं. न्यू जर्सीतली लाखो घरं अंधारात गेली, त्यात आमचं. फर्नेसला वीज लागते, म्हणजे उबही गेली. गॅसची शेगडी तेवढी काडी ओढून पेटत होती. थंडीत बंड्याचं अंग गार, रंग मातकट. मोबाइलला मधूनच सिग्नल मिळे, त्यात प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, त्याला ऊब देता येत नसेल तर खायला देऊ नका. गार अंगात अन्न पचत नाही, पोटातच कुजतं. थोडं पाणी चालेल, तेही अंग गरम असतानाच.

अण्णांना हे सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "लेकराला उपाशी ठेवायचं व्हय? डाक्टरनं सांगितलं म्हणून?" मी समजावत होतो. ते मला म्हणाले, "तुझ्या डाक्टरला काय जातंय सांगायला." एवढा आवाज चढलेला मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला तो हट्ट वाटला.

मग त्यांनीच तोड काढली. दुपारी ऊन असताना गाडी ड्राइव्हवेत उभी करायची, हीटर लावायचा, आणि मागच्या सीटवर फांदी बांधून बंड्याला बसवायचं. काचेतून त्याला लागणारे अतिनील किरण येत नाहीत, पण ऊब येते. पेट्रोलची तेव्हा मारामार होती. ३ नोव्हेंबरपासून आमच्या काउंटीसह बारा काउंट्यांत सम-विषम सुरू झालं, गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा पाहून एक दिवसाआड पेट्रोल. त्या पेट्रोलवर आम्ही सरडा शेकत होतो. बायकोला फार्मसीत कामावर जायचं असायचं. ती टाकीचा काटा बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. गाडीत अण्णा, मुलगा आणि मी. बंड्याचं अंग हळूहळू हिरवं व्हायचं. मग अण्णा पानावर थेंब सोडायचे, आणि अंग पुरेसं तापलं की एखादा किडा.

ओळखीच्यांकडे वीज आली होती, ते बोलावत होते. पण सोबत सरडा येणार म्हटल्यावर तिकडून जरा शांतता. अण्णा म्हणाले, तुम्ही जा, मी थांबतो. मग कुणीच गेलं नाही.

७ नोव्हेंबरला बर्फ पडलं. ती रात्र वाईट होती. घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत गाद्या टाकून निजलो. अण्णांनी बुटाच्या खोक्यात फांदी अडकवली, बंड्याला त्यात ठेवलं, बाजूने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावल्या आणि खोकं मांडीवर घेऊन वरून शाल पांघरली. बाटली गार झाली की उठायचे, शेगडी पेटवायचे, पाणी तापवायचे, पुन्हा भरायचे. मध्यरात्रीनंतर केव्हातरी ते बोलायला लागले.

तर ऐक, ते काय बोलत होते.

ते तुझ्या आजीच्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलत होते. तिला पाणी हवं होतं. तोंडाने काही द्यायचं नाही, असं सांगून ठेवलेलं होतं. ती मागत राहिली. अण्णांनी ओला कापूस ओठांना लावला, पण घोट दिला नाही. दिला तर सकाळ बघणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. सकाळ तिने तशीही बघितली नाही. "चाळीस वरसं लोकांच्या रानात पाणी सोडलं," ते बंड्याला म्हणाले, "आन् घरात घोटभर दिलं न्हाई." असं ते तीनतीनदा सांगत होते, तेच शब्द, त्याच आवाजात. मधे थांबून खोक्यात हात घालून बघायचे, ऊब आहे का.

मी पडून राहिलो. उठून जवळ जावं असं वाटत होतं, आणि मी हललो तर ते गप्प होतील हेही कळत होतं.

वीज त्यानंतर लवकरच आली. दिवाळी १३ तारखेला होती. अण्णांनी दिवा लावायच्या आधी पिंजऱ्यातला दिवा लावला. बंड्या वाचला, वाढला, तुरा चांगला उंच झाला. अण्णा फेब्रुवारीत परत गेले. नंतर दर रविवारच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, पाणी पितोय का. २०१६ साली ते गेले, तोवर त्यात खंड नव्हता. त्या रात्रीबद्दल मी त्यांच्याशी बोललो नाही, ते माझ्याशी बोलले नाहीत.

बंड्याला पुरलं त्या संध्याकाळी मी हे सगळं पहिल्यांदा तुझ्या आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला माहितीये. आल्या आल्याच सांगितलं होतं त्यांनी, मी पोळ्या लाटत होते तेव्हा."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं? मी तर रोज विचारत होतो."

"तू विचारत होतास," ती म्हणाली. "मी पोळ्या लाटत होते."