आयकॉन गेला म्हणजे ॲप गेलं असं नव्हे

नोव्हेंबर हा आम्हा मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे पेन्शनरांचा महिना. म्हैसूर तसं निवृत्तांचंच शहर आहे. रेल्वे वर्कशॉप, सीएफटीआरआय, भारतीय भाषा संस्थान, विद्यापीठ, नोटांचा छापखाना इथून निवृत्त झालेले, आणि बंगळुरूत आयुष्यभर नोकरी करून उतारवयात निवांतपणासाठी इथे घर केलेले, अशा सगळ्यांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि बोटाच्या ठशावर काम भागू लागलं. २०२१च्या नोव्हेंबरपासून तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरला तरी दाखला मिळतो.

त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारवाल्यांचं ‘आधार फेस आरडी’. अडचण या दुसऱ्यापाशी येते. ते डाउनलोड होतं, इन्स्टॉल होतं आणि मग त्याचा आयकॉन कुठेच दिसत नाही. माणूस पुन्हा प्ले स्टोअरमध्ये जातो. तिथे ‘अनइन्स्टॉल’चं बटण दिसतं, म्हणजे ॲप फोनमध्ये आहे. होम स्क्रीनवर मात्र नाही. मग ते काढून पुन्हा टाकलं जातं, फोन बंद करून सुरू केला जातो, आणि शेवटी शेजारचा कोणीतरी सांगतो, ‘फोन बिघडलाय, रीसेट मारा.’

फोन बिघडलेला नसतो. या ॲपला आयकॉन द्यायचाच नाही, अशीच त्याची रचना आहे. आरडी म्हणजे रजिस्टर्ड डिव्हाइस. हे ॲप आपण उघडायचं नसतं. जीवन प्रमाणचं ॲप त्याला हाक मारतं, तेव्हा ते कॅमेरा सुरू करतं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं, चेहऱ्याची माहिती कुलूपबंद करून आधारकडे पाठवतं आणि पुन्हा पडद्याआड जातं. ते फोनमध्ये आहे की नाही हे पाहायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडायची. तिथे ते नावासकट असतं. एवढं दाखवलं की समोरच्या आजोबांच्या चेहऱ्यावरची काळजी लगेच उतरते. अशा ॲपच्या डाउनलोडच्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात ‘याचा आयकॉन दिसणार नाही’ एवढं लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

मी हरवलेल्या आयकॉनकडे इतक्या गांभीर्याने का पाहतो, तेही सांगतो. आयकॉन दिसेनासा होणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. पण त्याच्या भीतीने लोक जे करून बसतात, त्यात खरं नुकसान होतं.

फोनवर आपल्याला जे दिसतं ते ‘लाँचर’ नावाच्या एका प्रोग्रॅमचं काम असतं. लाँचर स्वतःही एक ॲपच आहे. तो फोनच्या मूळ यंत्रणेला विचारतो की, पडद्यावर उघडता येतील अशी कोणकोणती ॲप तुझ्याकडे आहेत? उत्तरात जी नावं येतात, त्यांची चित्रं तो ॲप ड्रॉवरमध्ये मांडतो. ज्या ॲपने ‘मला पडद्यावर दाखवा’ अशी नोंदच केलेली नसते, ते या यादीत येत नाही. फेस आरडी असंच आहे. होम स्क्रीन आणखी वेगळी. तिथले आयकॉन म्हणजे नुसते शॉर्टकट, आणि कोणता शॉर्टकट कुठल्या चौकटीत ठेवला आहे याची नोंद लाँचर स्वतःकडे ठेवतो. देवराज मार्केटमधल्या एखाद्या दुकानाची पाटी काढली म्हणून आतला माल जात नाही, तसंच हे आहे. तुमचे मेसेज, बँकेची नोंदणी, फोटो यातलं काहीच आयकॉनमध्ये नसतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी होम स्क्रीनवर खालून वर बोट सरकवून ड्रॉवर उघडायचा आणि वरच्या शोधपट्टीत नाव टाकायचं. तिथे नाही मिळालं तर सेटिंग्जमधली ॲप्सची यादी. तिथे आहे, पण ‘डिसेबल्ड’ लिहिलंय, तर ‘इनेबल’ करायचं. तिथेही नसेल तर प्ले स्टोअर. या चौथ्या पायरीपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं.

ज्येष्ठांच्या बाबतीत कारण बहुधा बोटांत असतं. वयाबरोबर बोट स्क्रीनवर हलकं टेकवून चटकन उचलणं जमत नाही, ते थोडं रेंगाळतं. फोन त्याला ‘लाँग प्रेस’ समजतो, आयकॉन सुटा होतो, आणि हात थरथरत वर गेला की ‘रिमूव्ह’वर जाऊन पडतो. यावर उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. सॅमसंगमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये ‘लॉक होम स्क्रीन लेआउट’ असा पर्याय असतो, आणि इतर अनेक कंपन्यांच्या फोनमध्येही तसाच काहीतरी असतो. तो चालू केला की आयकॉन जागचे हलत नाहीत. माझ्याकडे साठीपुढच्या कोणाचाही फोन आला तर मी विचारून तो चालू करूनच परत देतो.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे घरातली मुलं. कुवेंपुनगरातल्या एक निवृत्त शिक्षिका, घरी मराठी, बाहेर कन्नड बोलणाऱ्या, पैसे पाठवायचं ॲप नाहीसं झालं म्हणून आल्या. भाच्याने फोनवरून रीसेट करायचा सल्ला दिलेला. मी म्हटलं, ‘मावशी, रीसेट अजिबात नको. आधी बघू या.’ त्या म्हणाल्या, ‘अय्यो, पण अरे, ते गेलंच आहे ना? सगळीकडे शोधलं मी.’ ड्रॉवरमध्ये नव्हतं. सेटिंग्जच्या यादीत मात्र व्यवस्थित होतं, डिसेबलही नव्हतं. म्हणजे लपवलेलं होतं.

फोन रिअलमीचा होता. रिअलमी आणि ओप्पोच्या फोनांत ॲप लपवायची सोय असते. सेटिंग्जमध्ये पासवर्ड टाकायचा, ॲप निवडायचं आणि एक कोड ठरवायचा. तो कोड दोन्ही टोकांना हॅश लावून नेहमीच्या डायल पॅडवर टाकला की लपवलेली ॲप उघडतात. ‘फोन कोणी लावून दिला होता?’ असं विचारल्यावर कळलं की नातवाने. आजीचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून त्याने ते ॲप लपवलं आणि सांगायचं विसरून पुण्याला कॉलेजला निघून गेला. तिथल्या तिथे त्याला फोन लावला. त्याने कोड सांगितला, मावशींनी तो स्वतःच्या बोटाने टाकला आणि ॲप समोर आलं. खातं, जुने व्यवहार, सगळं जिथल्या तिथे. रीसेट केलं असतं तर फोनमधले वर्षानुवर्षांचे फोटोही गेले असते, कारण त्यांचा बॅकअप कधी घेतलाच नव्हता.

शाओमीच्या अनेक फोनांत लपवलेली ॲप होम स्क्रीनवर दोन बोटं फाकवली की दिसतात. सॅमसंगमध्ये होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये ‘हाइड ॲप्स’ असतं. आयफोनवर २०२४च्या आयओएस १८पासून ॲप लायब्ररीच्या अगदी तळाशी ‘हिडन’ नावाचं फोल्डर असतं, ते चेहरा किंवा पासकोडशिवाय उघडत नाही. आयफोनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०२०मध्ये आयओएस १४ आलं, तेव्हापासून होम स्क्रीनची आख्खी पानंच्या पानं लपवता येतात, आणि ॲप न काढता नुसता आयकॉन हटवता येतो. होम स्क्रीनच्या शेवटच्या पानापुढे आणखी एकदा बोट सरकवलं की ॲप लायब्ररी येते, आणि ॲप बहुतेक वेळा तिथे सापडतं.

आता त्या रीसेटविषयी. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप ठेवतं. तुम्ही गूगल खात्याला बॅकअप जोडलेला नसेल, तर फॅक्टरी रीसेटबरोबर हा फोनमधला बॅकअपही पुसला जातो, आणि मग दिवंगत नवऱ्याचा आवाज असलेला मेसेज जगातला कुठलाच तंत्रज्ञ परत आणू शकत नाही. बँकेचे किंवा ईमेलचे आकडे देणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल आणि त्याचं सिंक चालू नसेल, तर त्या खात्यांची दारंही बंद होतात. लाँचर गोंधळला असेल तर त्याचा डेटा साफ करण्याचा उपाय आहे, पण त्यानेही होम स्क्रीनची सगळी मांडणी मूळ पदावर येते. तो शेवटी करायचा आणि आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा.

आयकॉन फिका पडून त्यावर छोटा ढग दिसला तरी घाबरायचं कारण नाही. जागा अपुरी पडली की फोन न वापरलेली ॲप आवरून ठेवतो. आयफोनवर हे २०१७पासून आहे, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरने २०२३मध्ये आणलं. तुमची माहिती तशीच राहते, आयकॉनवर टॅप केलं की ॲप पुन्हा उतरतं. फक्त इंटरनेट हवं आणि ते ॲप स्टोअरमध्ये अजून असायला हवं.

काही वेळा आयकॉन हरवलेला नसतो, त्याचं रूप बदललेलं असतं. ‘तेज’ २०१७च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये गूगल पे झालं. ट्विटरची निळी चिमणी २०२३च्या जुलैत गेली. २०२०मध्ये गूगलने जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना तेच चार रंग दिले, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती चित्रं एकमेकांपासून वेगळी ओळखणं अवघड झालं. ‘डुओ’ २०२२मध्ये ‘मीट’मध्ये मिसळलं, तेव्हा परदेशातल्या नातवंडांशी रोज त्यावर बोलणाऱ्या आजी-आजोबांची फार तारांबळ उडाली. चित्र बदलणाऱ्यांनी या माणसांचा विचार करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचता न येणाऱ्याला किंवा चष्मा हाताशी नसलेल्याला आयकॉनच्या रंगाचा आणि आकाराचाच आधार असतो.

इथल्या बहुभाषी घरांत भाषेमुळेही घोटाळा होतो. सुनेने फोन कन्नडमध्ये लावला, सासऱ्यांनी तो मराठीत केला, की ‘क्लॉक’चं ‘घड्याळ’ होतं आणि यादीतली त्याची जागा बदलते. इंग्रजीच्या सवयीने जुन्या जागी शोधणाऱ्याला ते दिसतच नाही.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या प्रकारांत घाई करू नका असं मी म्हणतो. एका प्रकारात मात्र ताबडतोब हालचाल करावी लागते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून किंवा बँकेची केवायसी म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती उघडली, विचारलेल्या परवानग्या दिल्या, आणि आयकॉन दिसलाच नाही किंवा क्षणभर दिसून गेला, तर ते हरवलेलं ॲप नसून लपलेला चोर आहे. तो तुमचे एसएमएस वाचतो आणि ओटीपी पुढे पाठवतो. २०१९च्या अँड्रॉइड १०पासून, आधी दिसणारा आयकॉन मागाहून लपवणं अशा ॲपना अवघड झालं आहे. लाँचर त्यांच्या जागी एक आयकॉन दाखवतो आणि टॅप केल्यावर थेट त्या ॲपच्या माहितीचं पान उघडतो. पण भामट्यांनीही पारदर्शक चित्र, कोरं नाव, किंवा सेटिंग्जसारखाच दिसणारा आयकॉन असे मार्ग शोधलेत.

अशा वेळी पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद झालंय ना ते पाहा. मग सेटिंग्जमधली सगळ्या ॲप्सची यादी सावकाश वाचा. अनोळखी नाव, कोरी जागा, किंवा एकाच नावाची दोन ॲप दिसली की त्यावर संशय धरा. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ची यादी उघडून तिथली त्याची परवानगी आधी काढा, ॲक्सेसिबिलिटीचीही काढा, मग ते निघतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

फेस आरडी आणि हे चोर-ॲप दोन्ही बिनआयकॉनचीच, म्हणून लोक गोंधळतात. फरक ते कुठून आलं यात आहे. प्ले स्टोअरमधून, प्रकाशकाचं नाव वाचून तुम्ही स्वतः घेतलेलं ॲप दिसलं नाही तरी चालतं. मेसेजमधून आलेलं दिसलं तरी ठेवू नये.

दिवाळीला मुलं-नातवंडं घरी येतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर आई-वडिलांचा फोन हातात घ्या, आयकॉनची मांडणी लॉक करा, व्हॉट्सॲपचा बॅकअप त्यांच्या खात्याला जोडा, आणि काही लपवलं असेल तर त्याचा कोड कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. ऐंशी वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये. आणि फोनवर जमलंच नाही तर बँकेत जाऊन देण्याचा जुना मार्ग अजून खुला आहे. २०२०पासून पोस्टमनही घरी येऊन तो दाखला काढून देतो.