पसंतीक्रम

अकरावी-बारावीला लातूरमध्ये होते तेव्हा मला ‘कशी आहेस?’ असं विचारणारी माणसं मोजकीच होती. बाकी सगळे विचारायचे, ‘किती पडले?’ मेसच्या मावशी विचारायच्या. हॉस्टेलचे वॉचमन काका विचारायचे. औशाला जाताना एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा आधी क्लास विचारायची आणि मग मार्क. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मुंबईची माणसं भेटली की लोकलबद्दल बोलतात, आमच्याकडची मार्कांबद्दल बोलतात, इतकं साधं होतं ते.

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द माझ्या जन्माआधीचा. ट्यूशन एरियात फिरलात तर समोरासमोर लागलेल्या फ्लेक्सवर पासपोर्ट फोटोतली शेकडो पोरं आपल्याकडे बघत असतात, प्रत्येकाच्या खाली एक आकडा. आमच्या क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट व्हायची. सोमवारी सकाळी रँक शीट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायची. म्हणजे माझे मार्क मला कळायच्या आधी औसा तालुक्यातल्या आमच्या गावात, खताच्या दुकानात बसलेल्या पप्पांना कळलेले असायचे. ते रागवायचे नाहीत. फक्त संध्याकाळच्या फोनवर आवाज एक पट्टी खाली असायचा. त्या पट्टीवरून मी आठवडा कसा जाणार ते ओळखायचे.

त्यात आम्ही २०२१ची दहावी. आमची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीचे शाळेतले मार्क एकत्र करून निकाल लावला आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. ‘कोरोना बॅच’ हे नाव आम्हाला तेव्हापासून चिकटलं. अकरावीला क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “तुम्ही अजून पास झालेलाच नाहीत. आता बघू.” वर्ग हसला. मीही हसले. पण ते वाक्य दोन वर्षं डोक्यात राहिलं.

दडपण म्हणजे नेमकं काय, हे मला माझ्या रूममेटकडे बघून समजलं. ती नांदेडकडची. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, क्लासमध्ये पहिल्या बॅचला. बारावीच्या दिवाळीनंतर ती मेसला येईनाशी झाली. डबा तसाच परत जायचा. पुस्तक उघडं असायचं, पण पान उलटायचं नाही. एका रात्री लाइट घालवल्यावर ती म्हणाली, “झोप लागली ना की परत उठूच नये असं वाटतं.” मी तिच्याशी बोलत राहिले आणि सकाळी तिच्या मोठ्या ताईला फोन लावला. दुपारपर्यंत ताई आली. तिनं बॅग भरली, ओरडली नाही, क्लासच्या फीचा विषय काढला नाही. नांदेडला डॉक्टरांकडे नेलं. बारावीची परीक्षा तिनं घरून दिली. आज ती बरी आहे, शिकते आहे, आणि हे लिहायला तिनंच परवानगी दिली आहे. तिची एक अट होती : नंबर लिही. १४४१६, टेली-मानस. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलतात.

ती गेल्यावर समोरची कॉट रिकामी झाली. मी तिथं वह्या ठेवायला लागले. त्याच दिवसांत मी एक साधं गणित मांडलं, जे दोन वर्षांत कुणी फळ्यावर लिहिलं नव्हतं. नीटला बसणारी मुलं वीस लाखांच्या वर. देशात एमबीबीएसच्या जागा साधारण लाखभर, त्यातल्या सरकारी जवळपास निम्म्या. म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला, सगळे पहाटे चारला उठले, तरी वीसातल्या एकोणीस जणांना जागा मिळणार नाही. जागाच नाहीत. ‘मेहनत केली की होतंच’ हे वाक्य एकेका मुलाला उद्देशून म्हटलं तर खरं वाटतं, आख्ख्या हॉलला उद्देशून म्हटलं तर ते गणितात बसत नाही. मला एकदम हलकं वाटलं असं नाही. पण त्यानंतर रँक शीट उघडताना हात गार पडायचे थांबले. पहिल्या लाखात नाव नसणं हे माझ्या चारित्र्याचं सर्टिफिकेट नव्हतं.

अभ्यास मी सोडला नाही. ७ मे २०२३ला नीट दिली. दोनशे प्रश्नांपैकी एकशे ऐंशी सोडवायचे, बरोबरला चार, चुकलं तर वजा एक. त्याच महिन्यात सीईटीही दिली. १३ जूनला नीटचा निकाल आला : ७२०पैकी ४१२. एमबीबीएसची सरकारी जागा मिळण्यासारखा हा आकडा नव्हता. घरात कुणी रडलं नाही. आईनं नेहमीसारखा चहा टाकला. संध्याकाळपर्यंत तीन मामा आणि एक आत्या यांचे फोन येऊन गेले आणि सगळ्यांचं एकमत झालं : रिपीट. क्लासनंही मेसेज पाठवला, रिपीटर बॅचची फी, सवलत आणि शेवटची तारीख. कुणाचा आग्रह बीएएमएसचा होता, कुणाचा फार्मसीचा. सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि सगळे प्रेमानंच बोलत होते.

दोन दिवसांनी मी लातूरला एका नेटकॅफेत गेले. मी आयसरची परीक्षाही देणार होते, तिचं हॉल तिकीट काढायचं होतं. शिवाय पुण्यातल्या एका कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म भरायचा होता. कॅफेवाला दादा वर्षभर पोरांचे फॉर्मच भरतो. त्या फॉर्ममध्ये विषयगटांचा पसंतीक्रम मागितला होता. मी म्हटलं, जिथं नंबर लागेल असं वाटतं ते वर टाकू का? तो स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, “नाही ताई. पाहिजे ते वर टाक. मशीन वरून खाली बघत येतंय. वरचं नाही बसलं तर खालचं देतंय. वर मोठं लिहिलं म्हणून खालचं कमी होत नाही. पण खालचं वर लिहिलं, तर वरचं कुणी विचारत नाही.”

प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये यंत्रणा साधारण अशीच चालते. यादी वरून तपासत यायची आणि ज्यात तुम्ही बसता ती पहिली जागा द्यायची. दादा मला तांत्रिक गोष्ट सांगत होता. पण मी त्या गरम खोलीत, कूलरच्या आवाजात गप्प बसून राहिले. कारण दोन वर्षांत मला आकडा विचारणारे शेकडो लोक भेटले होते. ‘सगळ्यात वर काय?’ हे मात्र पहिल्यांदा एका फॉर्मनं विचारलं होतं.

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते जुनं होतं. २०१६च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच्या आदल्या वर्षी पप्पांनी शेतात तीन बोअर घेतले होते. जागा दाखवायला पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून रान फिरला, नारळ उभा राहिला की तिथं चुना टाकायचा. तिन्ही कोरडे गेले. गाडी रात्रभर घरघरायची, पप्पा बांधावर बसून असायचे, आणि मी सकाळी बोअरभोवती साचलेली भुकटी गोळा करायचे. वरची करडी, मग काळी, मग मध्येच विटेसारखी लाल, मग पुन्हा काळी. कफ सिरपच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरून त्यावर फूट लिहून ठेवले होते. ती लाल कुठून आली, हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं.

पुढे कळलं की आमच्या पायाखाली लाव्हाचे थर एकावर एक आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर थंड झाला, त्यावर काळ गेला, वरचा भाग कुजून लाल झाला, मग पुढचा लाव्हा आला. कठीण काळ्या दगडात पाणी मुरत नाही. ते फटींमध्ये असतं आणि सच्छिद्र थरांमध्ये असतं. ते कुठं आहेत हे नारळ सांगू शकत नाही.

मी वहीच्या शेवटच्या पानावर पाच ओळी लिहिल्या. एक, आयसर, तिथं पृथ्वीविज्ञान. दोन, पुण्यात भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. तीन, बी.फार्म. चार, बीएएमएस. पाच, रिपीट. प्रत्येकासमोर वर्षं आणि अंदाजे खर्च. ते पान घेऊन मी रात्री दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं, पप्पा वहीत उधारी लिहीत होते.

त्यांनी पान वाचलं. म्हणाले, “दगडं बघून पोट भरतंय का?”

मी म्हटलं, “पप्पा, तिन्ही बोअरला मिळून किती गेले?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. आकडा त्यांना पाठ होता, मलाही. मग मी सांगितलं, की राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, तिचं मुख्यालय पुण्यात आहे, तिथं हेच शिकलेले लोक काम करतात. एम.एस्सी.नंतर यूपीएससी भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते. नोकरी लगेच लागेल असं मी म्हटलं नाही. ते म्हणाले, “लोकांना काय सांगू?” मी म्हटलं, “पाणी बघायला शिकतेय म्हणून सांगा.” ते हसले नाहीत. पण पान फाडलं नाही, घडी करून गल्ल्यात ठेवलं. एक महिना ते तिथंच होतं. रिपीटच्या बॅचची शेवटची तारीख त्या महिन्यात निघून गेली.

आयसरच्या यादीत माझं नाव आलं नाही. मशीन एक ओळ खाली आलं आणि दुसरी ओळ मला मिळाली.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. सगळं गोड आहे असं समजू नका. पुण्यातल्या खोलीचं भाडं, इंग्रजीतलं शिकवणं, पुढच्या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षा, हे सगळं आहेच. माझ्या बॅचमधल्या काही मैत्रिणींनी रिपीट केलं आणि त्यांना एमबीबीएस मिळालं. त्यांच्या यादीत ते खरोखर वर होतं, म्हणून तो एक वर्षाचा त्रास त्यांना पेलला. दोन पोरी अजून तिसऱ्यांदा बसताहेत. त्यांना मी कधी मार्क विचारत नाही, वर काय आहे ते विचारते. एक म्हणाली, “वर पप्पांनी लिहिलंय.” तिच्याशी बोलणं चालू आहे.

दडपणावर उपाय म्हणून लोक श्वासाचे व्यायाम सांगतात, वेळापत्रक सांगतात, मोबाइल बंद ठेवायला सांगतात. मीही ते केलं आणि त्याचा उपयोग झाला. पण स्वतःची यादी कागदावर आल्यावर जी जागा मोकळी झाली, ती त्यानं झाली नव्हती. आकडे तसेच राहिले, फक्त त्यांचं काम बदललं. आधी ते मी कोण आहे हे ठरवत होते, आता ते पाचपैकी कोणती ओळ मिळेल एवढंच ठरवत होते. म्हणून तुम्ही अकरावी-बारावीला असाल, तर फॉर्म निघायची वाट न बघता आजच ते पान लिहा. पाच नसतील तर तीन ओळी लिहा. घरच्यांच्या इच्छाही त्यात असू द्या, पण कितव्या नंबरला ते तुम्ही ठरवा. आणि ओळी कुणाला तरी दाखवा, कारण घडी करून खिशात ठेवलेल्या कागदाशी कुणी बोलू शकत नाही.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी बियाणं घ्यायला दुकानात आला होता. बोअर घ्यायचा म्हणत होता. पप्पांनी त्याला सांगितलं, नारळवाल्याला बोलवायच्या आधी लातूरला भूजलच्या ऑफिसात जाऊन ये. हे मला आईनं फोनवर सांगितलं. पप्पा शेजारीच बसलेले होते, त्यांनी काही सांगितलं नाही.