साहेबाचे कट्टे, हेलियम आणि आपली मुलं

विजयदुर्ग पाहून आलेल्या माणसाकडे दोन गोष्टी हमखास असतात. एक आमसुलांची पिशवी, आणि दुसरी "हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला" ही बातमी. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवले जाणारे चौथरे आहेत. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ग्रहण पाहण्यासाठी तिथे दुर्बिणी लावल्या होत्या. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा केला जातो.

८ एप्रिल २०२४ च्या दुपारी डेव्हन ॲव्हेन्यूवर ही बातमी पुन्हा ऐकू आली. शिकागोत त्या दिवशी सूर्य सुमारे ९४ टक्के झाकला गेला होता. साड्यांच्या दुकानातले विक्रेते, वाणसामानाच्या पिशव्या घेतलेली गिऱ्हाइकं, शाळेला दांडी मारून आलेली मुलं, सगळे पुठ्ठ्याचे चष्मे लावून फुटपाथवर उभे होते. आपल्यातल्या एका काकांनी मुलांना गोळा करून सांगितलं, "१८६८ साली असंच ग्रहण लागलं होतं, आणि लॉकियरसाहेबांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला." दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर दोन मिनिटं बोटं फिरवली आणि म्हणाली, "काका, पण लॉकियर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गला तो १८९८ मध्ये गेला." काका हसले, विषय चहाकडे वळला. गाडीकडे जाताना मात्र तिने आईला विचारलं, "मग शिवाजी महाराजांच्या गोष्टींतलं खरं किती गं?"

तिच्या आईने हे मला सांगितलं तेव्हा वाटलं, हा प्रश्न त्या ग्रहणाहून मोठा आहे. आपण इथे मुलांना जे जे मराठी म्हणून देतो, ते सगळं ती आपल्या शब्दावर घेतात. त्यातली एक गोष्ट पोकळ निघाली की बाकीच्यांवरही टकटक करून पाहतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून ही गोष्ट जशी घडली तशी सांगावी म्हणते. ती कमी रंगतदार नाही.

खग्रास ग्रहणात सूर्याच्या काळ्या चकतीच्या कडेला गुलाबी-तांबड्या ज्वाला दिसतात. त्या नेमक्या कशाच्या, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न होता. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसणार होतं. फ्रान्सचे झान्सेन गुंटूरला आले, मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला गेले. आणि जमखंडीला, म्हणजे तेव्हाच्या पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलांचे ते नातू. ढगांच्या फटीतून त्यांनी ज्वालेच्या प्रकाशातल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. मराठी मुलखाशी १८६८ चं नातं जोडायचंच असेल तर ते जमखंडीशी आहे.

या रेषा म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात समजतं. वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते. मिठातलं सोडियम तापलं की नेमका तोच पिवळा रंग देतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठरलेल्या रेषा असतात, बोटांच्या ठशांसारख्या. सूर्याच्या ज्वालांतही एक पिवळी रेषा होती आणि पाहणाऱ्यांना आधी ती सोडियमचीच वाटली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. ही ५८७.६ ला होती. अगदी शेजारी, पण वेगळ्या घरात.

झान्सेननी गुंटूरला त्याहून मोलाची एक गोष्ट केली. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, हे त्यांनी ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी पाहून दाखवलं. तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियरनी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. तोवर सूर्यावरचे उद्रेक पाहायला वर्षानुवर्षं थांबून जेमतेम काही मिनिटं मिळायची. त्यानंतर ते आकाश निरभ्र असेल त्या कुठल्याही दिवशी पाहता येऊ लागले.

ती पिवळी रेषा कुठल्याच माहीत असलेल्या द्रव्याशी जुळेना, तेव्हा लॉकियरनी सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव सुचवलं. पुष्कळांनी ते थट्टेवारी नेलं. १८९५ मध्ये रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू मिळाला आणि थट्टा थांबली. मग २२ जानेवारी १८९८ चं ग्रहण पाहायला लॉकियर विजयदुर्गला आले. कट्टे त्या वेळचे. म्हणजे कट्टे खरे, साहेब खरे, ग्रहणही खरं. फक्त साल तीस वर्षं मागे सरकलं.

त्याच दिवशी, चंद्राच्या त्याच सावलीत, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. शेजारी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा तळ होता. पुण्यातली त्यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा पुढे बंद झाली आणि १९१२ मध्ये तिची उपकरणं कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत गेली. किल्ल्यावरच्या साहेबांइतकाच मान जेऊरच्या या प्राध्यापकांनाही मिळायला हवा.

पण मला सर्वांत आवडते ती गोष्ट याही आधीची आहे आणि ती थेट सौरज्वालेचीच आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत असताना डागांवर अचानक लख्ख पांढरा प्रकाश चमकला आणि पाच मिनिटांत विझला. सौरज्वालेची ही पहिली नोंद. सुमारे साडेसतरा तासांनी सूर्यावरून निघालेला विद्युतभारित वायूचा लोट पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं चुंबकसूचीची स्थिती डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत होती. वादळ सुरू झालं तसं त्यांनी वाचनं भराभर घ्यायला सुरुवात केली. सूची सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आली. २००३ साली मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या वादळाचा जोर मोजायला घेतला, तेव्हा आधार म्हणून हीच कुलाब्याची नोंद कामी आली. मे २०२४ मध्ये शिकागोच्या आकाशात गुलाबी ध्रुवीय प्रकाश दिसला, ते वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ होतं, आणि त्याचा आकडा ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास आहे. मोजण्याची पद्धत तंतोतंत सारखी नसली तरी अंदाज येतो.

आपल्या या शहराचाही यात वाटा आहे. शिकागोत जन्मलेल्या जॉर्ज हेल यांनी केनवुड भागातल्या घरच्या वेधशाळेत सूर्याचा एकाच रंगाच्या प्रकाशात फोटो घेणारं उपकरण चालवलं आणि जुलै १८९२ मध्ये एक सौरज्वाला फोटोत पकडली. आणि आज पुण्याच्या आयुकात तयार झालेली 'सूट' ही दुर्बीण 'आदित्य-एल १' यानावर आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूटने एक मोठी सौरज्वाला टिपली. तिने टिपलेले बरेचसे अतिनील किरण ओझोनमुळे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तिला अवकाशात जावं लागलं.

आता आपल्याला काय करता येईल? ग्रहणाचे चष्मे अजून घरात असतील. त्यांना भोक किंवा चरा नसेल तर मुलांना त्यांतून सूर्य दाखवा. सौरज्वाला त्यांतून दिसणार नाही, पण मोठा डाग असला तर नुसत्या चष्म्यातून दिसतो. मे २०२४ मध्ये वादळ पाठवणारा डाग असाच दिसला होता. रोज एकाच वेळी पाहून कागदावर वर्तुळात टिंब काढायला सांगा. आठवड्यात टिंब सरकेल आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो हे पाठ न करता कळेल. दुर्बिणीला किंवा कॅमेऱ्याला डोळा लावून मात्र सूर्याकडे कधीही पाहू नये, चष्मा लावूनसुद्धा. डेव्हनसारख्या सरळ पूर्व-पश्चिम रस्त्यावर मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास सूर्य नेमका रस्त्याच्या टोकाला मावळतो. फोटोसाठी झुंबड उडते, तेव्हाही हे लक्षात असू द्यावं.

मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचे फुगे भरायचं काम यंदाही माझ्याकडे आहे. प्रत्येक फुग्याच्या दोरीला एक चिठ्ठी बांधणार आहे: "आतला वायू हेलियम. १८६८: सूर्यात दिसला. १८९५: पृथ्वीवर सापडला. १८९८: त्याला नाव देणारे लॉकियर आपल्या विजयदुर्गावर आले." चिठ्ठ्या लिहायला सुवाच्य अक्षराची चार मुलं हवी आहेत. फोनवर शहानिशा करणारी ती मुलगी आधीच तयार झाली आहे, आणि काकांनीही दोऱ्या बांधायचं कबूल केलं आहे.