शेऱ्यातला एक शब्द

मुलांनो, हल्ली तुमच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द फार येतो, ‘रँडम’. “बाई, त्याने रँडमच उत्तर दिलं!” “दारात कोणीतरी रँडम माणूस उभा होता.” न कळलेलं, अनोळखी, अचानक झालेलं, सगळं एकाच पिशवीत! शब्द सोपा आहे म्हणून कुठेही वापरायचा का?

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. तिथे त्याचा अर्थ होता बेफाम वेग, मुसंडी. पुढे इंग्रजीत तो नेम न धरता केलेल्या गोष्टीला लागू लागला. गणितात तर त्याला अगदी पक्का अर्थ आहे. सापशिडीचा फासा घ्या. पुढचं दान काय पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण फासा खरा असेल तर सहाही आकड्यांना संधी सारखीच. लागोपाठ तीनदा सहा पडले, तरी चौथ्यांदा सहा पडण्याची शक्यता सहात एकच. फासा मागचं काही लक्षात ठेवत नाही, बरं का! मराठीत याला ‘यादृच्छिक’ म्हणतात.

आता या शब्दाचे शेजारी पाहा. ‘हॅपहॅझर्ड’ म्हणजे कसंतरी, विस्कळीत. यातला ‘हॅप’ म्हणजे नशीब, आणि ‘हॅझर्ड’ हा फाशांचा जुना खेळ. ‘हॅपी’ शब्दही याच ‘हॅप’पासून झाला, आहे की नाही गंमत? ‘इरॅटिक’चं लॅटिन मूळ म्हणजे भटकणे, ‘एरर’ हे त्याचंच भावंड. ‘आर्बिट्ररी’ म्हणजे मनमानी. चिठ्ठी टाकून गडी निवडला तर ते रँडम. “मला वाटलं म्हणून” निवडला तर आर्बिट्ररी. आणि ‘इन्कन्सिस्टंट’ म्हणजे मेळ नसलेलं, आज एक, उद्या भलतंच.

शब्द कोणता वापरला, याने काय बिघडतं? पालकांनीही हे वाचावं. आमच्या सेमी-इंग्रजी वर्गात चौथीतल्या एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर मला शेरा लिहायचा होता. आदल्या वर्षीचा शेरा होता, ‘इर्रेग्युलर अँड इन्कन्सिस्टंट’. मी हजेरीपट घेतला आणि गैरहजेरीच्या तारखा कॅलेंडरशी लावून पाहिल्या. बहुतेक सगळे मंगळवार! मंगळवारी गावचा आठवडी बाजार. आई भाजी विकायला बसणार, मग धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी हाच. गणितातले त्याचे मार्क वरखाली व्हायचे, त्याचंही कारण तेच. मंगळवारी शिकवलेलं तेवढं त्याला येत नव्हतं, बाकीचं चोख. म्हणजे हा मुलगा अनियमित कुठे होता? त्याचा नेम तर घड्याळासारखा होता!

मी शेरा लिहिला, ‘मंगळवारी येऊ शकत नाही. इतर दिवशी शिकवलेलं उत्तम येतं.’ आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “बाई, मला वाटायचं, याला डोकंच नाही.” मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. मग बहिणीला मंगळवारी शाळेशेजारच्या अंगणवाडीत बसवायचं ठरलं. अजूनही एखादा मंगळवार चुकतो. पण बुधवारी मधल्या सुट्टीत तो स्वतःच वही घेऊन येतो.

फाशाला “तू असा का पडलास?” असं विचारून उपयोग नाही. माणसाला मात्र विचारता येतं.

तेव्हा मुलांनो, या आठवड्यात एक करून पाहा. ‘रँडम’ शब्द तोंडात आला की क्षणभर थांबा. अचानक? मनमानी? विस्कळीत? की कारण आपण अजून विचारलंच नाही? नेमका शब्द वहीत लिहा आणि रविवारी आईबाबांना वाचून दाखवा.