हिरवे बटण

बटण दाबले की आतले धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकतात आणि ‘कोणीतरी दाबले’ एवढाच निरोप तारेवरून पुढे जातो. बटणाचे काम तिथे संपते. निरोप घ्यायला पलीकडे कोणी असेल तर दिवा लागतो, दार उघडते, पाणी चढते. नसेल तर बोटाला नुसता ‘टक’ असा दिलासा मिळतो.

असा दिलासा वाटणारी बटणे मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी खांबांवर 3,250 बटणे होती. त्यांतली 2,500 हून अधिक निकामी असल्याचे 2004 साली वर्तमानपत्रात छापून आले. सिग्नल संगणकाच्या वेळापत्रकावर चालू लागले, तारा सुटल्या आणि काढण्याचा खर्च नको म्हणून बटणे तशीच राहिली. लोक ती दाबत राहिले. नगर जिल्ह्यातल्या राहुरीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. नगर-मनमाड रस्ता हात वर करून ओलांडायचा असतो, आणि गळिताच्या हंगामात मागे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येत असेल तर हातही खाली घ्यायचा असतो.

लिफ्टमधले दार मिटण्याचे बटण याच जातीचे. अपंग व्यक्तीला आत यायला पुरेसा वेळ मिळावा असा कायदा अमेरिकेत 1990 साली झाला; तेव्हापासून तिथल्या बहुतेक लिफ्टांत ते बटण प्रवाशाचे ऐकत नाही. आपल्याकडे ते चालते की नाही, हे लिफ्ट बसवताना केलेल्या जुळणीवर अवलंबून असते. मजल्याच्या बटणाचा दिवा मात्र एकदा लागला की हुकूम नोंदलेला असतो. पुढचे सगळे दाबणे हा निव्वळ उतावळेपणा.

उतावळेपणाला शास्त्रीय नाव मिळाले ते 1975 मध्ये. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी काही लोकांना लॉटरीचे तिकीट स्वतः निवडू दिले आणि काहींच्या हातात आयतेच ठेवले. नंतर तिकीट विकत मागितले, तेव्हा निवडणाऱ्यांनी सरासरी चौपटीहून अधिक किंमत सांगितली. बोट लागले की नशीबही आपल्या ताब्यात आल्यासारखे वाटते. याला नियंत्रणाचा भ्रम म्हणतात.

बटण मुद्दाम मुकेही ठेवता येते. मतदान यंत्रावरचे निळे बटण अधिकाऱ्याने नियंत्रण यंत्रावरून मत सोडेपर्यंत मुके असते. मग ते एकदाच बोलते: चिन्हाशेजारी लाल दिवा, लांब शिट्टी, काचेमागे 7 सेकंद दिसणारी चिठ्ठी. नंतर कितीही दाबा, पुन्हा मुके. एवढ्या पावत्या देणारे दुसरे सार्वजनिक बटण सापडणे कठीण. एसटीतली घंटीची दोरी हे त्याचे बिनविजेचे भावंड. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, ही भाषा एसटीच्या प्रवाशाला कोणी शिकवावी लागत नाही. दोरीच्या पलीकडे ड्रायव्हरचा कान असतो, म्हणून ती चालते. 2019 पासून नव्या प्रवासी वाहनांना सक्तीच्या केलेल्या आणीबाणीच्या बटणालाही तोच नियम लागू आहे. त्याचा निरोप घेणारे नियंत्रण केंद्र जागे नसेल तर ते लाल प्लॅस्टिक आहे.

राहुरी तालुक्यात रोज सर्वाधिक काळजीने दाबले जाणारे बटण मात्र रस्त्यावर नाही, विहिरीच्या कडेला पत्र्याच्या पेटीत आहे. मुळा धरणाचे आवर्तन सुटले की विहिरींना पाझर येतो, पण ते पाणी वर काढते स्टार्टरचे हिरवे बटण. ते दाबल्यावर आतल्या कॉइलमध्ये चुंबक जागा होतो, पट्ट्या खेचून धरतो आणि बोट काढल्यावरही मोटार चालू राहते. वीज गेली की चुंबक मरतो, पट्ट्या सुटतात. वीज आली तरी मोटार आपणहून सुरू होत नाही. हिरवे पुन्हा दाबावे लागते. विजेचा दाब कमी असला तर पट्ट्या नुसत्या थरथरतात. त्याला ‘स्टार्टर धरत नाही’ म्हणतात. तीनपैकी एक फेज गायब असेल तर संरक्षक यंत्रणा बटणाचे ऐकतच नाही. शिव्या तेव्हाच जास्त बसतात, आणि मोटार जळायची वाचते तीही तेव्हाच.

शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली तर बटणही रात्रीचेच. उसात बिबट्या असल्याची बातमी ताजी असताना बॅटरी घेऊन पेटीपर्यंत जाणे सोपे नसते. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे ऑटोस्विच: वीज येताच मोटार आपोआप सुरू, हिरव्याची गरजच नाही. पण सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपी जळते आणि मग कोणाचेच बटण चालत नाही. महावितरण ऑटोस्विच काढायला सांगते ते यासाठी. लोक तो ठेवतात ते बिबट्यासाठी. दोघांचेही बरोबर आहे. दिवसा वीज मिळाली तर हा तंटाच मिटेल, म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. तिच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक नगर जिल्ह्यातच, राळेगणसिद्धीत झाला.

आता मोबाइल स्टार्टर आले आहेत. बाजेवर पडून फोन लावायचा. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई सांगते, मोटार चालू आहे. तरीही दारे धरायला माणूस लागतोच. तो वावरात पोचतो, पाइपाच्या तोंडाशी हात धरतो. आधी हवा फुसफुसते, मग गढूळ गुळणी येते, आणि धार लागल्यावर तो फावडे उचलतो.